खडकीच्या फायनलचा बंदोबस्त

२ मे २००२, गुरुवार
फुटबॉल टुर्नामेंट कमिटीची मीटिंग. गेल्या वर्षी फायनलला बाजार बॉइज आणि क्वार्टर्स इलेव्हनच्या पाठीराख्यांनी एकमेकांवर खुर्च्या फेकल्या. यंदाही भांडण झालं तर खडकीतली फायनल कायमची बंद, असं इन्स्पेक्टरसाहेबांनी कळवलंय. अध्यक्ष बापूराव डोकं धरून बसले होते. मी उठलो आणि म्हणालो, बंदोबस्त माझ्याकडे द्या. सॉफ्टवेअर कंपनीत ॲडमिन सांभाळतो. फायर ड्रिलला अख्खी बिल्डिंग खाली उतरवली आहे. (मार्केटिंगवाले उतरले नाहीत, पण ते कशालाच उतरत नाहीत.) बापूरावांनी लगेच मान डोलावली. दुसरं कोणी तयार नव्हतं, हा मुद्दा गौण.

४ मे, शनिवार
ऑफिसात पॉवरपॉइंट केलं. बाजारवाल्यांना पिवळी तिकिटं, क्वार्टर्सवाल्यांना निळी. मध्ये बांबूचं कुंपण. नियम एकच: इकडचं काही तिकडे जाणार नाही. इन्स्पेक्टरसाहेबांनी पहिल्या स्लाइडलाच परवानगी दिली. त्यांचा चहा आला होता.

घरी जयाला सांगितलं. तिचं माहेर बाजारातलं. तिनं विचारलं, मग मी कुठं बसायचं? मी म्हणालो, लग्नानंतर तू क्वार्टर्स. ती भांडी आवरायला लागली. पटलं असावं.

७ मे
मेहुणा समाधान आला होता. बाजारची पोरं त्याच्या शब्दाबाहेर नाहीत. म्हणाला, दाजी, बाजारच्या निम्म्या लेकी क्वार्टर्समध्ये दिल्यात, कुंपण घराघरांतून न्यावं लागेल. शिवाय नळ फक्त निळ्या बाजूला आहे. मी म्हणालो, पिवळ्यांसाठी टँकर सांगितलाय.
उद्या सांगायचा आहे.

९ मे
बांबू आले. टँकरवाला फोन उचलत नाही. उद्यापासून पहाटे पळायला जाणार. बंदोबस्ताला दम लागतो.

१० मे
गेलो नाही. विश्रांती हाही तयारीचाच भाग.

१२ मे, रविवार, सकाळी
आज फायनल. जयानं पिवळं तिकीट घेतलं. म्हणे आईजवळ बसणार. शिस्तीचा प्रश्न होता, पण मी मन मोठं केलं. टँकरवाला म्हणाला, निघालोच.

१२ मे, संध्याकाळी
टँकर आला नाही.

ऊन मरणाचं. हाफटाइमला निळ्या बाजूची माणसं कुंपणावरून पिवळ्यांना पाण्याच्या बाटल्या द्यायला लागली. मी शिट्टी मारली. बाटली फेकता येते, बंदोबस्तात हे आधी बघावं लागतं. सगळ्या जप्त करून पायाशी ठेवल्या. जया कुंपणाशी आली. म्हणाली, आईला गरगरतंय, पाणी द्या. मी समजावलं की एकाला सूट दिली तर सगळेच मागतील, टँकर येतोच आहे. तिच्यामागे सासूबाई डोक्यावर पदर ओढून बसल्या होत्या. मला स्पष्ट दिसत होत्या. टँकर येईल असं मला खरंच वाटत होतं.

मग त्या एका अंगावर कलंडल्या.

कुंपण कुठल्या बाजूनं पाडलं, ते सांगता येणार नाही. दोन्हीकडून एकदमच. समाधाननं आणि क्वार्टर्सच्या गोलकीपरनं त्यांना उचललं. मला कोणी मारलं नाही. कोणीतरी दोन्ही खांदे धरून बाजूला केलं, कपाट सरकवतात तसं. जयानं माझ्या पायाशी वाकून बाटली उचलली.
"आई आहे ती माझी," ती म्हणाली. "पिवळी नाही, निळी नाही."

सेकंड हाफ सगळ्यांनी मिसळून बसून पाहिला. भांडण नाही. कोण जिंकलं ठाऊक नाही. मी बांबू गोळा करत होतो.

१३ मे
सासूबाईंना सलाईन लावलंय. जया तिथंच. ऑफिसात रिपोर्ट टाइप केला: हाणामारी शून्य, योजना यशस्वी. दवाखान्यात जाऊन आलो, म्हणजे दारापर्यंत. समाधान बाकावर बसला होता. त्यानं सरकून जागा केली. मी घाईत आहे म्हणालो.

१६ मे
बापूरावांचा फोन. पोलीस एवढे खूश आहेत की पुढच्या वर्षीची परवानगी आत्ताच कबूल केली. अट एकच. मी म्हणालो, कुंपण आणखी उंच करू. बापूराव जरा घुटमळले.
"तसं नाही हो. तुम्ही मैदानावर नसायचं, एवढंच म्हणाले."
मी म्हणालो, बघतो, त्या सुमारास ऑफिसात काम असतंच.

१९ मे, रविवार, दुपारी
जया अजून माहेरीच. फोन केला. तिनं उचलला तर काय बोलायचं ते पाठ केलं होतं. उचलला सासूबाईंनी. तब्येत विचारली. बरी आहे म्हणाल्या. जयाचं विचारलं. म्हणाल्या, तिच्या मनात आलं की येईल.
मग त्यांनीच विचारलं, "जेवलात का, जावईबापू?"
मी हो म्हणालो.
"काय केलंत?"
मी ओट्याकडे पाहिलं, गॅस सकाळपासून पेटलाच नव्हता. रिसीव्हर धरून तसाच उभा राहिलो. त्याही फोन ठेवत नव्हत्या.