यादीतलं पहिलं नाव

भद्रावती
मंगळवार, २३ ऑगस्ट २००५

चि. जुबेर यास,

जय भीम, आणि तुझ्या घरच्या रिवाजाप्रमाणे सलामही. तुझं पत्र शनिवारी पोचलं.

मजकुराकडे वळण्याआधी एक तक्रार नोंदवून घे. दोन पानांच्या पत्राला तू तीन पिना मारल्या आहेस. तिसरी उपटताना माझ्या अंगठ्यातून रक्त आलं. गुरूने शिष्याचा अंगठा मागितल्याचं ऐकून होतो. शिष्याने टपालाने गुरूचा अंगठा घेतल्याचा हा पहिलाच दाखला असावा. हैदराबादेत एवढ्या पिना फुकट मिळतात काय?

तुझे अब्बा मजेत आहेत. परवा दुकानात गेलो होतो. माझं घड्याळ दहा मिनिटं मागं पडतं म्हणालो, तर जलालुद्दीनभाऊ भिंग न काढताच म्हणाले, "सर, माणूसच मागं राहून राह्यला, त घड्याळानं काय करावं?" तुझी जीभ कुठून आली ते कळलं. रिनाची आई, सत्यशीला, बरी आहे. कमी बोलते. सोमवारी मी आरोग्य केंद्रातून येतो तेव्हा तेवढी दारात उभी असते.

आता तुझ्या अजगराबद्दल, म्हणजे पायथनबद्दल. तू लिहिलेलं मला समजलं, असं मी धरून चालतो. रिनाने केंद्रासाठी सिकलसेल या रक्ताच्या आजाराच्या पेशंटांच्या यादीचा प्रोग्राम पाच वर्षांपूर्वीच्या पायथन या संगणकभाषेत लिहिला. ती बोली समजणारा जुना दुभाषी असला तरच तो चालतो. तुमच्या लिनक्स प्रणालीत नव्याच्या शेजारी तो जुना आजवर ठेवला होता, आणि चार वर्षं त्याची देखभाल तुझ्याकडेच आहे. पुढच्या आवृत्तीतून तू त्याला काढणार. कारण करणाऱ्यांनीच त्याला सोडलं, त्यातली भोकं कोणी बुजवत नाही, आणि "वापरणारे दोघंच उरले, सर. एक ब्राझीलमधली प्रयोगशाळा, दुसरे तुम्ही."

ब्राझीलवाल्यांना माझा नमस्कार कळव.

यावर मी तुला चार पानांचं खंडन लिहिलं होतं. आमच्या संस्कृत व्याकरणकारांनी नवी भाषा बांधली तेव्हा वेदातली जुनी रूपं हाकलून दिली नाहीत. 'छन्दसि', म्हणजे 'वेदात', एवढं म्हणून त्यांची वेगळी सोय लावली. दोन-अडीच हजार वर्षं ती सोय चालू आहे आणि वापरणारे तिथेही फार नाहीत. मुद्दा बिनतोड होता. ती चार पानं आज सकाळी फाडली.

कारण काल कलाबाई केंद्रात आली. तू तिला पाहिलेलं नाहीस. पोंभुर्ण्याकडच्या गावांत घरोघरी जाऊन पेशंट बघते, गोळ्या देते. यादी छापायला मी बसलो होतो. पिशवी खाली न ठेवताच म्हणाली, "सर, गुड्डीचं नाव मागच्या सोमवारी काऊन नाई आलं?"

मी म्हटलं, कोण गुड्डी?

"पोंभुर्ण्याची. नऊ वर्साची. यादीत तिची पाळी होती. मी शेजारच्याच गल्लीत होती, सर, पन कागदावर जेवढी नावं तेवढीच घरं. पोरगी चार दिवस तापात, हातपाय दुखून कळवळून राह्यली. मायबापाले वाटलं, थंडीताप असंल."

गुड्डी आता चंद्रपूरला दवाखान्यात आहे. रक्त चढवलं. काल दुपारी दूध प्याली, असा निरोप आला. वाचेल.

कलाबाई गेल्यावर मी मागच्या सोमवारचा कागद काढला. रिनाची पद्धत तुला माहीत आहे. कलाबाईच्याने आठवड्यात वीसच घरं होतात, म्हणून वीसच नावं. ज्यांचा त्रास जास्त ती दर सोमवारी वर, उरलेल्या जागा पाळीपाळीने. गुड्डी एकविसावी होती.

आणि पहिलं नाव, रोमन अक्षरांत, रिना श्रीहरी.

जुबेर, तू महिनाभर मागतो आहेस ती नावं मी का पाठवली नाहीत, ते हे. "सर, हयात असतील तेवढीच पाठवा, नव्या प्रोग्रामात मी घालतो," असं तू साध्या भाषेत लिहिलंस. तीही त्याच आजाराची पेशंट, म्हणून स्वतःचं नाव तिने पहिल्याच दिवशी घातलं होतं, तुझ्यासमोरच असेल. ती गेली त्यानंतरच्या सोमवारी मी केंद्रात गेलो, कारण घरी बसवेना. बटण दाबलं आणि पहिली ओळ आली. भेटली की नाही, मी काहीच भरलं नाही. पुढच्या सोमवारी तीच ओळ, शेजारी शब्द: 'आली नाही. घरी जा.' तिनेच लिहिलेले शब्द ते. केंद्रात मी एकटा होतो.

मृत्यूची नोंद करायची सोय त्यात आहे. एक अक्षर दाबायचं, तारीख द्यायची. मी त्याऐवजी 'भेटली' भरलं. कलाबाईच्या कागदावर पहिल्या ओळीवर पट्टी चिकटवली. ती समजली असावी; तिने कधी विचारलं नाही. अडीच वर्षं दर सोमवारी मी 'भेटली' भरतो आहे. त्या जागेवर दर आठवड्याला कोणीतरी जिवंत माणूस बसायचं, हे माझ्या डोक्यात आलं नाही. किंवा आलं असेल आणि मी बसू दिलं नसेल. संस्कृतात याला चांगला शब्द सापडेल. मी शोधला नाही.

रिना म्हणायची, "बाबा, हे चालत राह्यलं पाहिजे. यादी बंद पडली त लोकं घरीच दुखणं काढतात." तिने यादीबद्दल म्हटलं होतं. मी तो शब्द तिच्या नावाला लावला.

तेव्हा तू दुभाष्याला खुशाल निरोप दे. सोबत एकशे बारा नावं पाठवतो आहे. सगळ्यांत वर गुड्डीचं घाल. जुन्या मशीनवर ते एक अक्षर मी आज सकाळी दाबलं, तारीख दिली. "नक्की?" असं त्याने इंग्रजीत विचारलं. हेही तिचंच. मी हो म्हटलं. तुझ्या नव्या प्रोग्रामासाठी आलेल्या मशीनचं खोकं शुक्रवारी उघडेन. फोनवर हाताशी राहा.

एवढं सगळं लिहून झालं, आणि खरी काळजी अजून लिहिलेली नाही. सोमवारी मी घरी पोचलो की सत्यशीला दारातच विचारते, "आली होती काय?" मी "हो, पहिलीच होती" म्हणतो. मग ती आत जाऊन चहा ठेवते. अडीच वर्षं आम्ही दोघं तेवढंच बोलतो. येत्या सोमवारी ती विचारेल, आणि काय सांगायचं ते मला माहीत नाही.

तुझा,
आणि अजूनही रिनाचा बाबा,
श्रीहरी