कॅप्टनसाहेबांची रजा

४ सप्टेंबर
ईरा शाळेतून रडतच आली. चौथीतल्या मुलांना चिठ्ठ्या काढून टेक्सासच्या इतिहासातला एकेक माणूस दिलाय. मैत्रिणीला अंतराळवीर बाई मिळाली आणि आमच्या नातीला अडीचशे वर्षांपूर्वीचा स्पॅनिश कॅप्टन. "आजी, ही इज सो बोरिंग. नोबडी नोज हिम!" पुढच्या महिन्यात शाळेत म्युझियम आहे. त्या माणसाचा वेश करून पुतळ्यासारखं उभं राहायचं. पुढ्यातलं कागदी बटण कुणी दाबलं की मिनिटभर बोलायचं, 'मी अमुक, मी असं असं केलं'. मुलगा निखिल आणि सून रश्मी, दोघांच्याही मीटिंगा. म्हणजे कॅप्टन माझ्या गळ्यात. उभा जन्म भूगोल शिकवला, इतिहासवाल्या बाईंची टिंगल केली, आता भोगा.

८ सप्टेंबर
लायब्ररीत एक जुनाट पुस्तक मिळालं. चालत गेले, चालत आले. वाटेत एक माणूस दिसेल तर शपथ. शेजारणीचं तोंड अजून पाहिलेलं नाही. गॅरेजचं दार वर जातं, गाडी आत जाते, दार खाली येतं. संपलं शेजारपण.
कॅप्टनचं नाव दॉन इग्नासियो. बाप शिपाई, हा जन्मला तोही सरहद्दीवरच्या ठाण्यात. मिसरूड फुटायच्या आत भरती. मग मूठभर शिपाई, एक पाद्री आणि खेचरं घेऊन उत्तरेला वाटा शोधत फिरला. बायको दक्षिणेतल्या गावी. रोजचं टिपण असायचं. कुठवर चाललो, पाणी कसं आहे, आणि शेवटी ठरलेली ओळ, 'आज विशेष काही नाही'.
मला हसू आलं. मीसुद्धा कराडला मैत्रिणीला, वत्सलाला फोन करते तेव्हा ती विचारते, काय विशेष? मी म्हणते, विशेष काही नाही. आता वहीत नुसतं वि. ना. लिहीन. तेवढीच शाई वाचेल.

१० सप्टेंबर
संकष्टी. इथे मीच एकटी धरते.
नदी दिसली की त्या दिवशीच्या संताचं नाव द्यायची या लोकांची पद्धत. ईरानं विचारलं, "वॉज ही अ गुड गाय?" म्हटलं, ज्यांच्या घरात घुसला त्यांना विचार. नदीला आधीपासून कुणीतरी काहीतरी म्हणत असणारच. या गृहस्थाला ते विचारावंसं वाटलं नाही.
एवढं बोलून दुपारी मीही तेच केलं. घरामागे जो ओढा आहे त्याला संकष्टी नाव ठेवलं. नाव ठेवल्यावर जरा ओळखीचा वाटला.

१५ सप्टेंबर
वि. ना. पोळ्या, कपड्यांच्या घड्या, ईराला आणणं. दिवसभरात मी बोललेलं वाक्य एकच, तेही त्या आपोआप झाडू मारत फिरणाऱ्या चकतीशी. पाय सोड म्हणाले.

१७ सप्टेंबर
सकाळी वत्सलाचा फोन. आम्ही दोघी एकाच शाळेत शिकवायला, एकाच जिन्यावर वरखाली राहायला. तिला ना मूल ना बाळ, माझे हे गेले तेव्हा चार महिने माझ्याच घरी झोपायला होती. तिचा उजवा गुडघा पार गेलाय. "डॉक्टर म्हणतात आता थांबू नका. तू दिवाळीला येशील ना, मग तारीख घेते. पण तुझ्या सोयीनं ये हं. माझं काय, जिने चढायचे नाहीत एवढंच." तिसऱ्या मजल्यावर राहते आणि म्हणे एवढंच!
सहा महिन्यांसाठी म्हणून आले होते. ग्रीन कार्ड झालं, रश्मीची नोकरी बदलली, ईराला एकटं सोडता येईना. आता दुसरी दिवाळी येईल. घराच्या किल्ल्या वत्सलाकडे आहेत, ती दर गुरुवारी वर जाऊन खिडक्या उघडते. त्या गुडघ्यानं.

२१ सप्टेंबर
जेवताना नि. म्हणाला, "आई, बॉथेलची ऑफर आलीय. सिएटलजवळ. रश्मीलाही ट्रान्स्फर मिळेल. तुला इथला उन्हाळा सहन होत नाही ना? तिथलं वेदर मस्त आहे, बघ तू!" फोनवर घरांचे फोटो दाखवले. एका खोलीवर बोट ठेवून, "ही तुझी. खिडकीतून झाडं दिसतात."
मग म्हणाला, "तुला काय वाटतं?"
"मला काय वाटायचंय? तुम्ही ठरवाल तसं."
तो खूश झाला. रश्मी म्हणाली, "आई किती अ‍ॅडजस्ट करतात ना." भांडी लावताना जीभ हासडून टाकावीशी वाटली.

२४ सप्टेंबर
कॅप्टनचे अर्ज वाचले. पुस्तकात शेवटी दिलेत. बायको आजारी, मला गावी जाऊ द्या, एवढंच मागायचं होतं. पण मागणं कसं? आधी पानभर व्हाइसरॉयची स्तुती. मग राजाची. मग आपण किती क्षुद्र. आणि अगदी शेवटी, सहीच्या तोंडावर एक ओळ, 'आपल्या सोयीनुसार शक्य झाल्यास, दक्षिणेकडे यावे अशी या सेवकाची नम्र इच्छा'. उत्तर आलं, तुमच्या निष्ठेनं आम्ही प्रसन्न आहोत, बक्षीस म्हणून याहून उत्तरेच्या ठाण्याची जबाबदारी देत आहोत.
अहो कॅप्टनसाहेब! पुन्हा अर्ज, पुन्हा स्तुती, पुन्हा उत्तर दिशा. बायको गेली तेव्हा हा कुठल्याशा नदीला संताचं नाव देत होता. बातमी पोचली त्या दिवशीच्या टिपणात पाणी चांगलं आहे असं लिहिलंय. शेवटी वि. ना.
पुस्तक मिटून ओढ्यावर जाऊन बसले. फार रडले. तिथे बघायला होतंच कोण.

२९ सप्टेंबर
वेशाची तयारी. हे शिपाई बाण लागू नये म्हणून कातड्याचे पदर एकावर एक शिवलेला अंगरखा घालत. म्हणजे गोधडीच की! रश्मीची जुनी तपकिरी चादर फाडली, आत टॉवेल घातले, धावदोरा घातला. ईरानं अंगात घालून पाहिला. "इट्स सो हेवी, आजी." म्हटलं, असणारच, जन्मभर घालून हिंडला तो.
अर्जांचा भाग तिच्या भाषणात मी घातला होता. तिनं काढून टाकला. एक मिनिटात बसत नाही म्हणे. तेही खरंच.

४ ऑक्टोबर
परवा दसरा झाला, आपटा नाही, कोणी नाही. सोनं म्हणून ईराच्या हातावर ओढ्याकाठचं कसलंसं पान ठेवलं होतं, ते तिनं पुस्तकात जपून ठेवलंय. आज दाखवायला आणलं. या पोरीला सोडून जायचं कसं? ती नसती तर केव्हाच बॅग भरली असती. ती आहे म्हणून... जाऊ दे.
नि.ला रविवारपर्यंत होकार कळवायचाय. दोनदा त्याच्या खोलीच्या दाराशी गेले. एकदा विचारलं चहा टाकू का, एकदा विचारलं दिवा घालवू का.

६ ऑक्टोबर
वत्सला जिन्यात बसली. म्हणजे पडली नाही, मधेच बसली आणि उठता येईना. खालच्या मुलानं धरून वर नेलं. मला हसत हसत सांगते. "तू घाई करू नकोस हं." तिलाही तोच रोग. आम्ही दोघी एकमेकींच्या सोयीनं मरणार.
बॉथेलचा होकार काल कळवून झाला. माझ्यासकट.

९ ऑक्टोबर
म्युझियम झालं. शाळेच्या जिममध्ये ओळीनं पुतळे, कागदाच्या दाढ्या, पुठ्ठ्याच्या टोप्या. आईबाप कॉफीचे कप घेऊन बटणं दाबत फिरतायत. ईरा माझी गोधडी घालून घामाघूम, पण हलली नाही. बटण दाबलं. सगळं घडाघडा म्हणाली. कुठे जन्म, किती नद्या ओलांडल्या, तिथे आधीपासून कोण राहत होतं, कुठे मरण. शेवटी पाहुण्यांनी एक प्रश्न विचारायचा असतो.
माझ्या तोंडून निघालंच. "कॅप्टनसाहेब, घरी जायचं होतं ना तुम्हाला? मग का नाही गेलात?"
हे तिच्या भाषणात नव्हतं. मिशी नीट चिकटवली. म्हणाली, "आय आस्क्ड रिअली नाइसली. सो दे थॉट आय वॉज फाइन."
इतकं गोड मागितलं, की त्यांना वाटलं माझं बरंच चाललंय. नऊ वर्षांची पोर! भाषणातून काढलं होतं, डोक्यातून नाही.
निखिल माझ्या मागेच उभा होता. "गुड जॉब, ईरा," म्हणाला आणि रश्मीला शोधायला गेला.
गाडीत बसलो. मागच्या सीटवर ईरा आणि मी. बेल्ट लावला आणि म्हणाले, "निखिल, मला कराडला जायचंय. बॉथेलला नाही. दिवाळीला जायचंय आणि तिथेच राहायचंय."
'जमलं तर' म्हणाले नाही. 'तुमच्या सोयीनं' म्हणाले नाही.
"आई, अचानक?"
"अचानक नाही. खूप दिवस झाले."
रश्मी मागे वळून बघायला लागली. मग ईरानं शांतपणे विचारलं, "मग मला स्कूलमधून कोण आणणार?"
मिशी तिनं काढून माझ्या तळहातावर ठेवली.

१० ऑक्टोबर
पुन्हा संकष्टी. नि. ऑफिसला निघाला. दारातून परत फिरला, म्हणाला, "उद्या शनिवार, बसून बोलू. तू आधी का नाही बोललीस, आई?" आवाज चिडका होता की रडवेला, कळलं नाही. बहुतेक दोन्ही. तिकिटाचं काही म्हणाला नाही. ईरा शाळेत जाताना मिठी न मारता गेली, असं कधी होत नाही. गोधडीचा अंगरखा तिच्या पलंगावर आहे, घडी करून. मी केलेली नाही.
ओढ्यावर जाऊन आले. पाणी चांगलं आहे.
मग वत्सलाला फोन लावला. तिकडे रात्रीची जेवणं व्हायची होती. तिनं नेहमीसारखंच विचारलं, "काय गं, काय विशेष?"
म्हटलं, आहे. आधी खुर्ची ओढून नीट बस.