नाटकातल्या पदात माझी ओळ

शके १८४८, कार्तिक व. ५
काल सूनबाईबरोबर नाटकाला गेले. आम्हा बायकांची जागा वर, चिकाच्या पडद्याआड. राजकन्येचं काम करणारा पुरुषच, पण पदर काय सावरतो! सूनबाईला म्हटलं, शीक. ती रुसली. पदं एकदा ऐकली की माझ्या लक्षात राहतात, अक्षरं फार मागून आली, ती ह्यांनी शिकवली. घरी येऊन नातीला मांडीवर घेतलं, सगळी म्हटली. काय टकामका बघते लबाड! आमचा वासू छापखान्यातून आला तो ऐकतच राहिला. कागद घेऊन बसला. "आई, सावकाश म्हण."

का. व. ६
विरहाच्या पदात एक ओळ आठवेना. माझी जात्यावरची घातली. केळीच्या पानी दंव साचलं, माझ्या डोळी तुझं नाव. सावद्याची मी, केळीच सुचणार. चालीत बसली हो! वासूला बोलले नाही.

का. व. १०
वासूने पदांचं पुस्तक छापलं. कंपनीचं नाटकाच्या दारात मिळतं, ह्याचं बाजारात, निम्म्या किमतीला. म्हटलं, अरे पदं त्यांची ना? म्हणे, "तिकीट काढून ऐकलीस, कान तुझे, चोरी कसली?" पटलं. म्हणजे गूळ चाखला तर चव आपलीच. पण ढेप उचलून दुसऱ्या दुकानात मांडली तर...
असो. बाळीला दात येताहेत, जे सापडेल ते चावते.

का. व. १२
शेजारची नर्मदाअक्का ते पुस्तक घेऊन आली. "काकू, राजकन्या तुमच्या जात्यावर दळायला येते काय? केळीची ओळ बठ्ठी तुमची शे!" सगळी माझीच म्हणे, हसता हसता खाली बसली. सगळ्या आळीने ती ओळ माझ्या तोंडून ऐकलेली.

का. व. १३
कंपनीचा म्यानेजर बाजारात दुकानोदुकानी विचारतो, ही केळीची ओळ आमच्या पदात नाही, कोणी घातली? ज्याने घातली त्यानेच पदं चोरली. वकील केलाय म्हणे. वासूने उरलेली पुस्तकं नशिराबादला धाडली. मग मी सांगितलं, ओळ माझी. तो एवढंच म्हणाला, "आई, तू पुस्तकावर सही केलीस गं."

अमावास्या
दार वाजलं की आधी फटीतून बघते. वासूला धरून नेतील. जात्यावर मुकी बसते. अक्का विचारते गळा बसला का. बाळी गाण्याशिवाय झोपत नाही, किरकिर, किरकिर. नुसती थोपटते.

मार्ग. शु. २
सूनबाईचा भाऊ नाटक बघून आला. लोक ओरडले, केळीची म्हणा, केळीची! शेवटी राजकन्येने म्हटली. माझी ओळ! वन्समोर झाला! जीव असा हरखला, बाळीला घेऊन गिरकीच घेतली. मग दाराला कडी घातली. वासू म्हणतो आता ते फिर्याद करणार नाहीत, त्यांनीही उचललीच की. जरा वेळाने म्हणतो, करतीलही.

मार्ग. शु. ४
दुपारी म्यानेजर दारात. अक्कानेच घर दाखवलं, कौतुकाने, बिचारी. "आजी, ती ओळ तुमची का? आमची राजकन्या विचारते, पुढे आहे का काही? परवापासून धुळ्याला खेळ आहेत." बोलणं गोड, पण नजर घरभर फिरत होती. वासू माझ्या पाठीशी उभा, त्याचा श्वास मानेला लागत होता. हो म्हटलं तर वासू जातो. नाही म्हटलं तर ओळ जाते.
म्हटलं, वय झालं, आठवून सांगते. म्हणाला, सकाळी गाडीच्या आधी येतो.
वासू म्हणतो, नाही म्हण. शब्द दिला त्याला, बाळीच्या डोक्यावर हात ठेवून.
मग जात्याशी जाऊन पुढच्या ओळी हळूच म्हणून पाहिल्या. सगळ्या आठवतात. सकाळी त्याच्यासमोर तोंडून निघाल्या तर, तीच भीती वाटते.