पेन्सिलीच्या फुलीवरची सही

तीर्थस्वरूप मामा,

साष्टांग नमस्कार. (गुडघा धरलाय, म्हणून खुर्चीत बसूनच घातला, पोचला समजावा.) तुमचा खोकला हटला का? मामींचा डोळा आता कसा आहे? इकडे सगळे मजेत आहेत, म्हणजे मी सोडून.

मामा, बावीस वर्षं मी कचेरीत मुख्य कारकून. आमच्याकडे रीत अशी, की सही हवी तिथं पेन्सिलीनं बारीक फुली मारायची आणि कागद पुढ्यात ठेवायचा. साहेब सही करतात, शिपाई सही घेतो, मी सही ठोकतो. (वाचत बसलो तर कामं उरकायची कधी?) त्यातून एखादे वेळी काही होतं, नाही असं नाही. गेल्या महिन्यात ऐन उकाड्यात कचेरीतले सगळे पंखे एकदम दुरुस्तीला गेले, ते माझ्याच सहीनं. आता ह्यात मनाला लावून घेण्यासारखं काय आहे? पण टंकलेखिका बाईंनी घेतलं. त्यांनी साहेबांच्या नावे अर्ज टाइप केला, की मुख्य कारकून न वाचता सह्या करतात, तरी त्यांना खिडकीजवळून उठवून तळघरात जुन्या दप्तरांपाशी बसवावं. सगळ्यांच्या सह्या झाल्यावर बाईंनी फुली मारून तो अर्ज माझ्यापुढेच ठेवला. (काय छाती म्हणावी!) मी ठोकली. वर सवयीनं 'शिफारस आहे' असंही लिहिलं.

साहेब हसून हसून लाल झाले. मला मात्र रडू कोसळायचं तेवढं बाकी होतं. मामा, त्या खिडकीशी माझी उभी नोकरी गेली हो. घाबरून बोलून बसलो, की ही सही माझी नव्हेच. त्यावर साहेब म्हणाले, तुमची सही ओळखणाऱ्या एखाद्या वडीलधाऱ्या माणसाकडून सोमवारपर्यंत तसं लिहून आणा.

बाकी सर्व ठीक. मामींना नमस्कार.

तुमचा भाचा

ता. क. : तुम्ही ओळखलं असेलच. सोबत तसा कागद जोडलाय. टाइप बाईंनीच करून दिला. (मनानं वाईट नाहीत हो.) फुली मारलेली आहे, तिथं तेवढी सही ठोका. वाचायचा त्रास घेऊ नका, मीही घेतलेला नाही.

ता. क. दुसरा : मामा, मी सूनबाई. पाकीट चिकटवायला माझ्याकडे आलं तेव्हा तो कागद वाचला. 'माझ्या भाच्याला खिडकीचं ऊन सोसत नाही, त्याला तळघरच मानवेल,' असं तुम्ही लिहून देत आहात. तरी सही कराच. परवा दारावर आलेल्या कुणाच्या तरी कागदावर ह्यांनी सही दिली, आणि तो माणूस आज आमचं कपाट घेऊन गेला. तळघरात निदान दिवसभर तरी ह्यांच्यापुढे कागद ठेवायला कुणी येणार नाही.