आबांची सही

तीर्थरूप आईस, उत्कर्षाचा जर्मनीतून नमस्कार.

मी बरी आहे. तू पाठवलेल्या भाजणीची थालीपिठं तोमाश आवडीनं खातो. तुझा गुडघा कसा आहे? शेकतेस ना?

फोनवर आबा शेजारीच असतात, म्हणून कागदावर लिहितेय.

इथं आमचं लग्न लावायला मी अविवाहित असल्याचा गावाकडचा दाखला लागतो. यशराजदादानं ग्रामसेवकांकडं अर्ज दिला. ते चौकशीला आले, तर शेजारच्या आक्काबाईंनी ओट्यावरनंच सांगितलं, "पोरीचं लगीन कवाच झालंय की! पेढं खाल्लं न्हाय का आमी?" दाखला अडला.

आम्ही लग्नाआधी एकत्र राहतो हे कळलं तर लोक बोलतील, म्हणून तू लग्न झाल्याचं सांगितलंस. कळतंय गं मला. पण आबांनाही तेच सांगितलंस, अन् त्यांनी बारामतीहून पेढे आणून सगळ्या भावकीत वाटले.

आता ग्रामसेवक म्हणतात, मुलगी अविवाहित आहे असं प्रतिज्ञापत्र वडिलांनीच सही करून द्यावं.

पाडव्याला माझा व्हिसा संपतो. त्याआधी लग्न झालं नाही तर एकटीच परत येईन, अन् गाव म्हणेल, नवऱ्यानं टाकली.

पार्सलवर तू 'सौ. उत्कर्षा' लिहितेस. तेवढा कागद मी आधी फाडून टाकते.

आबांना तू सांगतेस, का मी सांगू?

तुझी लेक,
कु. उत्कर्षा