उंदरांच्या औषधाचं कालवण

तळवली, मंगळवार

तीर्थस्वरूप सरस्वतीआक्का,

तुमच्या भावजयीचा, दुर्गाचा, वाकून नमस्कार. तुमचे गुडघे कसे आहेत? भाऊजींचा खोकला गेला का? (नसेल गेला तर बिडीही गेली नाही असं समजते.) जासईला त्या कंटेनरच्या गाड्यांतून रस्ता ओलांडताना सूनबाईचा हात धरत जा, मान कमी होईल म्हणून लाजू नका. इकडे आम्ही सगळे जिवंत आहोत. फोन केला नाही, कारण हे सारखे माझ्या बाजूलाच बसून असतात आणि ही गोष्ट त्यांच्या कानावर जायला नको.

आक्का, मी अजून हादरलेलीच आहे. यांचं विसरणं तुम्हाला दिवाळीत दिसलंच होतं. आता डॉक्टरांनी त्याला आजाराचं नाव दिलंय आणि मुळापासून बरं करणारं औषध अजून निघालेलं नाही म्हणाले. आता सांगा, ज्या घरातली पोरगी याच आजाराचं औषध शोधायला कंपनीत रोज सकाळी डबा घेऊन जाते, त्या घरात हे ऐकून घ्यायचं? मागच्या आठवड्यात त्या कंपनीनं घरच्या माणसांना काम बघायला बोलावलं. हे यायला तयार नव्हते, म्हणून मी मच्छीची पाटी शेजारणीवर सोपवून, नवी साडी नेसून एकटीच गेले. रुतिकानं सगळं समजावलं. मेंदूत एक एन्झाइम असतं म्हणे, आपल्या कोयत्यासारखं. ते एका प्रोटीनचे नको तिथं तुकडे करतं, ते तुकडे साचत जातात आणि माणूस विसरायला लागतो. मग ही पोरगी कॉम्प्युटरवर असा एक बारीक कण घडवते, जो बरोबर त्या कोयत्याच्या धारेवर जाऊन अडकून बसेल. मी थक्कच झाले. म्हणजे एवढं शिकून माझी मुलगी काय बनवते, तर खोडा! (दुसऱ्याच्या कामात खोडा घालायला आपल्या गावात आजवर कोणी पगार घेतला नाही, सगळे हौसेनं घालतात.)

पण खरा धक्का पुढेच होता. ते औषध पहिलं उंदरांना देतात. पांढरेशुभ्र उंदीर, आक्का, आणि त्यांना एसी! आपल्याकडे एकानं जाळं कुरतडलं तर सासरे काठी घेऊन घरभर धावायचे, आणि इथं उंदरांना पाण्यात सोडून पोहायला लावतात, बुडालेला पाट कुठं आहे हे त्यांच्या लक्षात राहतं का ते बघतात. लक्षात राहिलं की साहेब लोक खूश. मी काचेतून बघत होते, आणि खोटं कशाला बोलू, मला राग आला. उंदराला रस्ता आठवावा म्हणून एवढी माणसं राबतायत, आणि माझा नवरा गल्लीच्या तोंडाशी उभा राहून घर विचारतो. बाहेरच्या ट्रेमध्ये छोट्या बाटल्या होत्या, वर नुसते नंबर. रुतिका कोणाशी तरी बोलायला वळली, आणि एक बाटली माझ्या कमरेच्या पिशवीत गेली. कशी गेली विचारू नका. हात माझाच होता.

संध्याकाळी बोंबलाचं कालवण केलं आणि बाटली त्यात रिकामी केली. (आपल्यात औषध कालवणातूनच पोटात जातं. तुमच्या सासूबाईंचं जुलाबाचं असंच गेलं होतं.) आक्का, काय सांगू, जेवता जेवता यांनी मान वर केली आणि म्हणाले, "दुर्गे, चिंच कमी पडली." नाव घेऊन! मग आमच्या लग्नातली वरात, खाडीत अडकलेली होडी, मटण कमी पडल्यावर तुम्ही केलेलं भांडण, सगळं धडाधड सांगत सुटले. मी पदरात तोंड लपवून रडले. तेवढ्यात रुतिका आली, आणि तिला मोरीत ती बाटली दिसली.

पोरीचा चेहरा बोंबलापेक्षा पांढरा झाला. बापाला रिक्षात घालून तिनं दवाखाना गाठला. बाटलीत औषध होतं की नाही हे तिलाही ठाऊक नव्हतं! अर्ध्या उंदरांना औषध, अर्ध्यांना नुसतं मीठपाणी, आणि कोणाला काय ते एकाच साहेबाला माहीत, म्हणजे बघणाऱ्याचं मन फसत नाही. यांच्या जिवासाठी त्या साहेबाला गुपित फोडावं लागलं. निघालं मीठपाणी. मी म्हटलं, अगं पण सगळं आठवलं की त्यांना, माझं नावसुद्धा. तेव्हा ती माझ्याकडे बघत म्हणाली, "आई, या आजारात एखादा दिवस असाच बरा जातो. म्हणून तर अर्ध्यांना पाणी देतो आमी. नायतर आमीपण तुझ्यासारखेच फसलो असतो."

भाऊजींना नमस्कार, नातवंडांना आशीर्वाद.

तुमची,
दुर्गा

ता. क. गुपित फुटल्यामुळे तो सगळा प्रयोग वाया गेला. नवे उंदीर, पुन्हा पहिल्यापासून पोहणं. रुतिका माझ्याशी बोलत नाही, पण डबा नेते. तेव्हा राग जाईल असं वाटतं. जासईत हे कोणाला सांगू नका.

आणखी ता. क. आक्का, हे पत्र कालवणासाठी लिहिलेलं नाही. डॉक्टरांनी यांना रोजची एक गोळी दिली आहे, दुकानात मिळणारी. आजार जात नाही, पण थोडा आधार मिळतो. हे ती थुंकून टाकतात. परवापासून मला 'आक्का' म्हणतात. पहिल्यांदा मी सांगितलं, मी दुर्गा, तर घरात परकी बाई शिरल्यासारखे भिंतीला चिकटले. काल मी "काय रे गोवर्धन" म्हटलं. (उखाण्यानंतर हे नाव पहिल्यांदाच घेतलं.) तर शांतपणे जेवले. पण गोळी पुढे केली की म्हणतात, "आक्का, तू पयले ते बोल, मंग घेतो."

ते म्हणजे काय, आक्का? लहानपणी त्यांना औषध पाजताना तुम्ही काय म्हणायचात, तेवढं लवकर लिहून पाठवा. चालीचं असेल तर चालही सांगा. मी तुमच्यासारखं म्हणेन.