बाजारातल्या बाईचा आवाज

आई, आपला बाजाराचा खेळ परत येतो आहे. तुला तो कधी नीट कळला नाही, म्हणून सांगते. फोनवर एक आठवडी बाजार दिसतो. खेळणाऱ्याने ठरलेल्या वेळात भाजी घेऊन बाहेर पडायचं, आणि एक भाजीवाली त्याला बोलण्यात अडकवून ठेवते. ती भाजीवाली तू होतीस. तू गेल्याला अकरा वर्षं झाली, खेळ बंद पडल्याला नऊ.

विजय नगरला एका दुकानावरच्या खोलीत आम्ही चौघं तो बनवत होतो. आवाजासाठी कोणी मिळेना, तेव्हा मी माइक घेऊन चेरीतालच्या घरी आले. "काहून? जबलपुरातल्या बाया संपल्या काय?" तू म्हणालीस. मी स्वयंपाकघराचं दार लावलं, घरघर नको म्हणून फ्रिजची पिन काढली. तू मटर सोलत होतीस. पातेलं बाजूला ठेव म्हटलं, तर म्हणालीस, "हात रिकामे ठेवून मले बोलता येत नाही. चलो, कर चालू." रेकॉर्डिंगमध्ये तू मी लिहून आणलेला कागद वाचतेस. हिंदीच, पण आपल्या मराठीच्या चालीवर. "देख क्या रहे हो भैया, मटर है, मोती नहीं." मग कागदात नसलेलं एक वाक्य टाकतेस, "थैली लाए हो, कि ऐसेच आ गए?" आणि स्वतःच हसतेस. ते वाक्य आम्ही ठेवलं, हसण्यासकट. लोकांना पुढे तेवढंच लक्षात राहिलं. फ्रिज लावायचं मात्र मी विसरले. दुसऱ्या दिवशी दूध नासलं. "तिकडे खोटा बाजार लावून राहिली, अन् इथे खरं दूध नासवलं," म्हणालीस, आणि दोन दिवस मला चहा दिला नाहीस.

लोकांना वाटतं, कंपनी ठरवून खेळ बंद करते. आमचा तसा बंद झाला नाही. आमची खोली खेळासकट एका मोठ्या कंपनीने घेतली, ती कंपनी आणखी मोठ्या कंपनीने. त्यांना रोज उघडावा लागेल असा खेळ हवा होता. आपला बाजार सातव्या आठवड्याला संपायचा. नवे फोन आले, त्यांवर तो चालेना. दुरुस्तीला दोन माणसं काही महिने बसवावी लागली असती, ती कोणी बसवली नाहीत. सोडून द्या असं कोणी म्हटलं नाही. बैठकीत त्याचं नाव निघेनासं झालं, एवढंच. मीही त्या बैठकांना असायचे.

आता नाव पुन्हा निघालं आहे. तेव्हा शाळेत असलेली मुलं आज नोकरीला आहेत. नवं नाव लोकांच्या तोंडी बसवण्यापेक्षा जुनं उठवणं सोपं जातं. विक्रीतला एक मुलगा मला समजावत होता, "दीदी, पुराने गेम का टाइम होता है. जल्दी लाओ तो किसी को याद ही नहीं आई होती. देर करो तो लोग..." परत आणायचं म्हणजे नाव, रंग आणि खेळायची रीत. बाकी एकेक गोष्ट तपासून ठरवायचं, ठेवायची की नवी करायची. आवाजांची यादी माझ्याकडे आली.

आवाज वापरायच्या परवानगीवर तुझी सही कुठेच नाही. तेव्हा आम्हाला ते सुचलं नव्हतं. बैठकीत एकाने विचारलं, "ये सब्ज़ीवाली कौन हैं?" मी म्हणाले, "थीं कोई. पहचान की." "अब नहीं हैं? तो काग़ज़ कौन देगा?" कागद मीच देऊ शकत होते. मुलगी म्हणून एक सही, बस. मी म्हणाले, रेकॉर्डिंग खराब आहे, मागे काहीतरी वाजतं, नवं करू. सगळ्यांना हलकं वाटलं. मुंबईच्या एका बाईने परवा सगळी वाक्यं म्हटली. चांगली म्हटली. थैलीचं वाक्य आता कागदात आहे, तेही तिने म्हटलं. हसायचं कागदात नव्हतं.

रेकॉर्डिंग खराब असल्याचं मी म्हणाले, तेव्हा मला तू फॅक्टरीतून आल्यावर पाय धुतानाची दिसलीस. तू तपासणीला होतीस, गेज लावून मापं बघायचीस. त्या दिवशी शेजारच्या काकांनी केलेल्या सुट्या भागांचा अख्खा ट्रे तू परत पाठवला होतास. ते दारातच उभे राहिले. "वहिनी, घरचा माणूस पाहून नापास केलं काय?" तू वर न पाहता म्हणालीस, "घरचा पाहून तीनदा गेज लावला, भाऊजी. परक्याला एकदाच लावते." काका हसले, मग बसले, मग चहा झाला.

तुझी फाइल माझ्याकडे आहे. जेमतेम चार मिनिटांची. यादी आली त्या दुपारी मी तिच्यावर बोट ठेवलं, आणि उचललं. मागे वाजतात ते पातेल्यात पडणारे दाणे, हे मला आठवणीतूनच माहीत होतं. तू गेल्यापासून मी ती एकदाही लावलेली नाही.

हे मी कोणाला सांगितलेलं नाही, आणि हा कागदही कुठे जाणार नाही. घरात आता मराठी बोलायला कोणी नाही, आई. मुलीला कळते, पण ती उत्तर हिंदीत देते. तू मनात बोलतेस तेव्हा शब्द तुझे असतात, आवाज मात्र बऱ्याचदा माझाच असतो. मला वाटलं, फाइल लावीन आणि कोणीतरी परकी बाई बोलायला लागेल. म्हणून न ऐकताच तुला काढलं.